प्लास्टिक सर्जरीआधी सिगारेटच नाही, तर मिश्री आणि मावाही का बंद करायला सांगतात?

नाकाचा आकार बदलायचाय, बाळंतपणानंतर सुटलेलं पोट कमी करायचंय किंवा डोक्यावर केस लावून घ्यायचेत. कारण कुठलंही असो, प्लास्टिक सर्जनकडे पहिल्यांदा गेलात की वजन, बीपी, शुगर विचारून झाल्यावर एक प्रश्न हमखास येतो, "सिगारेट ओढता का?"

आपल्याकडे बरेच जण याला "नाही" म्हणतात. यात ते खोटं बोलत नसतात, कारण सिगारेट ते खरंच ओढत नाहीत. पण सकाळी उठल्यावर मिश्री लागते, दुपारी मावा लागतो, जेवणानंतर तंबाखू-चुना मळला जातो. विचारलं नाही म्हणून ते सांगितलं जात नाही आणि सांगितलं नाही म्हणून डॉक्टरांना कळत नाही.

सोलापूरसारख्या शहरात हा घोळ व्हायची शक्यता जास्तच. तंबाखू इथे व्यसन आहे, तसाच रोजगारही आहे. म्हणूनच डॉक्टर नेमकं काय विचारत असतात, त्यामागचं कारण काय आणि ऑपरेशनच्या किती दिवस आधी काय बंद करायचं, हे नीट समजून घेऊया.

निकोटिन शरीरात गेल्यावर काय होतं?

तंबाखूची तलफ लावणारा पदार्थ म्हणजे निकोटिन. ते रक्तात गेलं की अॅड्रेनॅलिनसारखी रसायनं वाढतात. हृदय जोरात धडधडायला लागतं आणि त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. थंडीत बोटं गार पडतात तेव्हा असंच होतं. रक्तातल्या प्लेटलेट्सही जास्त चिकट होतात, त्यामुळे बारीक वाहिन्यांमध्ये गुठळी होण्याची शक्यता वाढते.

विडी किंवा सिगारेट ओढत असाल, तर यात आणखी दोन गोष्टींची भर पडते.

पहिली कार्बन मोनॉक्साइड. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं. पण कार्बन मोनॉक्साइड त्याला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. म्हणजे गाडी तीच, पण सीट आधीच भरलेल्या.

दुसरी गोष्ट हायड्रोजन सायनाइड. धुरात ते थोडंसंच असतं, पण मिळालेला ऑक्सिजन पेशींनी वापरण्याच्या कामात ते अडथळा आणतं.

थोडक्यात काय, तर रस्ता अरुंद झाला, गाडीत माल कमी आला आणि आला तोही नीट वापरता आला नाही. जखम भरायला तर ऑक्सिजन भरपूर लागतो. नवीन पेशी तयार करायला लागतो, जखम जोडून धरणारं कोलॅजेन बनवायला लागतो आणि जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही लागतो.

एका सिगारेटने काय फरक पडतो, असं वाटू शकतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९१ मध्ये ओढणाऱ्यांच्या त्वचेखालचा ऑक्सिजन प्रत्यक्ष मोजला. दहा मिनिटं सिगारेट ओढल्यावर तो खाली गेला आणि जवळपास तासभर खालीच राहिला. दिवसाला एक पाकीट ओढणाऱ्याच्या त्वचेला दिवसातला बराच वेळ ऑक्सिजन कमी मिळतो, तो असा.

मग हा नियम प्लास्टिक सर्जरीलाच इतका कडक का?

तंबाखू कुठल्याही ऑपरेशनला वाईटच. पण अपेंडिक्स काढताना पोटावर छेद देतात आणि तो पुन्हा शिवतात. आजूबाजूची कातडी जागेवरच असते, तिचा रक्तपुरवठाही बराचसा शाबूत असतो.

प्लास्टिक सर्जरीत अनेकदा कातडी खालच्या थरापासून सोडवतात, उचलतात, ताणतात आणि दुसरीकडे बसवतात. अशा उचललेल्या कातडीला फ्लॅप म्हणतात. उचलताना खालून येणाऱ्या बऱ्याच रक्तवाहिन्या कापल्या जातात आणि फ्लॅप एका बाजूने येणाऱ्या रक्तावर जगतो. फ्लॅपचं टोक त्या रक्तापासून सगळ्यात लांब असतं, म्हणून धोका तिथे सगळ्यात जास्त.

हे तत्त्व जगाला शिकवलं पुण्याने, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

गोष्ट १७९० च्या दशकातली. कावसजी नावाचा एक मराठी गाडीवान इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकायचा. १७९२ च्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. तिथे त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभरानंतर पुण्याजवळ एका वीटकाम करणाऱ्या जातीतल्या वैद्याने त्याला नवीन नाक बसवलं. ब्रिटिश डॉक्टरांनी हे ऑपरेशन डोळ्यांनी पाहिलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याची हकीकत चित्रासह छापून आली.

त्यात दिलेली पद्धत अशी. आधी मेणाचं नाक बनवून मापाला लावायचं. मग ते सपाट करून कपाळावर ठेवायचं आणि त्याच्या कडेने कातडी कापून उचलायची. पण दोन्ही डोळ्यांच्या मधोमध कातडीची एक बारीक पट्टी तशीच जोडलेली ठेवायची. कपाळाची कातडी खाली वळवून नाकाच्या जागी बसवली, की नवीन जागेवर रुजेपर्यंत तिला रक्त याच पट्टीतून मिळत राहायचं. ही पट्टी साधारण २५ व्या दिवशी कापायची.

हे वाचून लंडनचे सर्जन जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये तसंच ऑपरेशन केलं. तिथून ही पद्धत युरोपात पसरली. कपाळाची कातडी वळवून नाक करण्याची पद्धत आजही वापरली जाते.

पुण्याच्या त्या वैद्याने २५ दिवस जपलेली पट्टी, हीच फ्लॅपची जीवनवाहिनी. निकोटिन तीच आवळतं.

नेमका किती फरक पडतो?

चेहऱ्याची सैल कातडी ताणून बसवण्याच्या ऑपरेशनला फेसलिफ्ट म्हणतात. त्यावरचा १९८४ चा एक अमेरिकन अभ्यास आजही सांगितला जातो. त्यात ११८६ पेशंटच्या नोंदी तपासल्या होत्या. सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये कातडी मरून गळण्याचा धोका न ओढणाऱ्यांच्या तुलनेत १२ पटींहून जास्त निघाला.

कातडी मरते म्हणजे काय होतं? आधी ती निळसर होते, मग काळी पडते. मेलेला भाग काढावा लागतो, महिनोन्‌महिने ड्रेसिंग करावं लागतं, कधी दुसरीकडची कातडी लावावी लागते. चांगलं दिसण्यासाठी केलेल्या ऑपरेशनने कायमचा मोठा व्रण मागे राहतो.

सगळ्याच ऑपरेशनमध्ये हा धोका सारखा नसतो:

- जास्त धोका: फेसलिफ्ट, पोटाची कातडी काढण्याचं ऑपरेशन म्हणजेच टमी टक, स्तनांचा आकार कमी करणं किंवा ते वर उचलणं, कॅन्सरनंतर स्तन पुन्हा तयार करणं. यात मोठी कातडी उचलली जाते.
- तुलनेने कमी धोका: लायपोसक्शन, पापण्यांचं ऑपरेशन. छेद लहान असतात आणि कातडी फारशी उचलत नाहीत. तरी जंतुसंसर्ग आणि भूल यांचा धोका उरतोच.
- हेअर ट्रान्सप्लांट: कातडी मोठी उचलत नाहीत, पण लावलेलं प्रत्येक मूळ जगायला टाळूतला रक्तपुरवठा लागतो. म्हणून इथेही तंबाखू बंद करायला सांगतात.

फक्त हौसेच्या ऑपरेशनचा हा प्रश्न नाही. भाजल्यावर आखडलेला हात सोडवणं, अपघातात गेलेली कातडी भरून काढणं, तोंडाच्या कॅन्सरनंतर छातीची किंवा मांडीची कातडी लावून गाल तयार करणं, हीसुद्धा प्लास्टिक सर्जरीच आहे. तोंडाच्या कॅन्सरच्या अनेक पेशंटना आजार तंबाखूने दिलेला असतो. ऑपरेशननंतरही तंबाखू चालू राहिली, तर दुरुस्तीही धोक्यात येते.

"सिगारेट ओढता का?" हा प्रश्न आपल्याकडे अपुरा का पडतो?

याचं उत्तर सरकारी आकड्यांत आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरतात. त्यातले ओढणारे किती? एकूण प्रौढांपैकी फक्त ३.८ टक्के. धूर न काढता तंबाखू वापरणारे मात्र २४.४ टक्के. म्हणजे फक्त सिगारेट-विडीबद्दल विचारलं, तर तंबाखू वापरणारे बहुतेक लोक यादीतून सुटतात.

युरोप-अमेरिकेतल्या पुस्तकांत प्रश्न सिगारेटचा असतो, कारण तिथे मुख्यतः सिगारेट ओढतात. आपल्याकडची यादी वेगळी आहे.

मिश्री. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, बारीक करायची आणि दातांना-हिरड्यांना लावायची. काही भागांत तिला मशेरी म्हणतात. अनेक घरांत आई, मावशी, आजी ती रोज लावतात आणि तिला 'दात घासणं' समजतात. त्यामुळे "काही व्यसन?" असं विचारल्यावर मिश्री आठवतच नाही. पण हिरड्यांची त्वचा पातळ असते आणि तिच्यातून निकोटिन थेट रक्तात जातं.

मावा, खर्रा, तंबाखू-चुना. चुन्यामुळे तोंडातला क्षार वाढतो आणि निकोटिन अधिक वेगाने शोषलं जातं. म्हणूनच नुसत्या तंबाखूपेक्षा चुना लावलेली तंबाखू लवकर 'लागते'.

गुटखा. महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. पण खाणाऱ्यांनी डॉक्टरांसमोर तो लपवायची गरज नाही. डॉक्टर पोलिसांना कळवण्यासाठी विचारत नाहीत, तुमची जखम भरावी म्हणून विचारतात.

विडी. सिगारेटपेक्षा लहान आणि तंबाखूही कमी, म्हणून ती सौम्य, असा समज आहे. पण तेंदूच्या पानात गुंडाळलेली विडी पटकन विझते. ती पेटती ठेवायला जोरात आणि वारंवार झुरके घ्यावे लागतात. त्यामुळे निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड भरपूर आत जातात.

आणि विडी वळणाऱ्या बायका? सोलापुरात हा मुद्दा सोडून चालणार नाही. यंत्रमाग आणि विडी हे या शहराचे दोन जुने आधार. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत पुरुष मागावर आणि बायका विड्यांवर, असंच पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. विडी कामगार महिलांसाठी कुंभारीला उभी राहिलेली गोदूताई परुळेकर वसाहतच दहा हजार घरांची आहे. दिवसभर सुपात तंबाखू घेऊन बसल्यावर तिची धूळ नाकातोंडात जाते आणि त्वचेतूनही थोडं निकोटिन आत शिरू शकतं. स्वतः तंबाखू न खाणाऱ्या विडी कामगार महिलेने ऑपरेशनआधी डॉक्टरांना आपलं काम जरूर सांगावं आणि किती दिवस सुट्टी घ्यायची ते विचारावं. डॉक्टरांना कपडे बघून हे ओळखता येत नाही.

एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. जखमेवरचे बहुतेक अभ्यास सिगारेट ओढणाऱ्यांवर झालेत. खाण्याच्या तंबाखूत धूर नसतो, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडचा भाग गळून पडतो. पण रक्तवाहिन्या आवळणारं निकोटिन तिच्यात असतंच. म्हणून फ्लॅपचं ऑपरेशन असेल, तर सर्जन कुठल्याही रूपातली तंबाखू बंद करायला सांगतात.

भुलेचे डॉक्टर तोंड उघडायला का लावतात?

पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालावी लागते. त्यासाठी तोंड नीट उघडायला हवं. वर्षानुवर्षं गुटखा, मावा किंवा सुपारी खाल्ल्यावर गालाची आतली बाजू कडक आणि पांढरट होत जाते आणि तोंड उघडणं कमी होतं. या आजाराला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. त्याचं मुख्य कारण सुपारी आहे. म्हणजे "मी बिनतंबाखूची सुपारी खातो" म्हणणाराही यातून सुटत नाही.

तुमची तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात जात नसतील, तर ऑपरेशनआधी हे आवर्जून सांगा. आधी कळलं तर भुलेचे डॉक्टर दुर्बिणीने नळी घालायची तयारी ठेवतात. ऐनवेळी टेबलावर कळलं, तर जीवावर बेतू शकतं.

विडी-सिगारेट ओढणाऱ्यांची अडचण वेगळी. त्यांची श्वासनलिका चिडकी झालेली असते, कफ जास्त असतो. भुलेतून बाहेर येताना जोराचा खोकला आला की रक्तदाब वाढतो आणि ताज्या टाक्यांखाली रक्त साचू शकतं. चेहऱ्याच्या ऑपरेशननंतर हे विशेष त्रासाचं ठरतं.

किती दिवस आधी बंद करायचं?

सर्वसाधारण नियम असा की ऑपरेशनच्या किमान ४ आठवडे आधी आणि ४ आठवडे नंतर पूर्ण बंद. मोठी कातडी उचलायची असेल, तर काही सर्जन ६ आठवडेही सांगतात.

चारच आठवडे का? २००३ मध्ये डेन्मार्कमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. स्वयंसेवकांना मुद्दाम छोट्या जखमा करून त्या कशा भरतात ते पाहिलं गेलं. ओढणाऱ्यांच्या १२ टक्के जखमांत जंतुसंसर्ग झाला, कधीच न ओढलेल्यांच्या २ टक्के जखमांत. ज्यांनी ४ आठवडे सिगारेट सोडली, त्यांच्यातला संसर्ग स्पष्टपणे कमी झाला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये हेच सांगितलं: ऑपरेशनआधी साधारण ४ आठवडे किंवा जास्त काळ तंबाखू सोडणाऱ्यांना गुंतागुंतीचा धोका कमी असतो.

शरीर सावरायला कधी लागतं, हेही बघा:

- २ तास: रक्तातलं निकोटिन साधारण निम्मं होतं.
- १ दिवस: कार्बन मोनॉक्साइड बहुतांश निघून गेलेला असतो.
- काही दिवस: निकोटिनपासून बनणारं कोटिनिनही हळूहळू संपतं.
- ४ आठवडे: जखमेत जंतुसंसर्ग होण्याचा धोका ठळकपणे कमी होतो.

"ऐनवेळी सोडली तर उलट त्रास होतो" असंही ऐकलं असेल. याचं मूळ १९८९ च्या एका अभ्यासात आहे. हृदयाच्या बायपासआधी दोन महिन्यांच्या आत सिगारेट सोडलेल्यांमध्ये फुफ्फुसांचे त्रास जास्त दिसले होते. नंतर अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर ही भीती खरी ठरली नाही. त्यामुळे उशीर झाला असला तरी आजच थांबणं चांगलं. फक्त किती दिवस झाले, ते डॉक्टरांना खरं सांगा.

ऑपरेशननंतरचे दिवस विसरू नका. फ्लॅप नवीन जागी रुजतो तो काळ तोच असतो. "आता तर झालं ऑपरेशन" म्हणून तिसऱ्या दिवशी घेतलेली चिमूट महिन्याभराच्या मेहनतीवर पाणी फिरवू शकते. घरात इतरांनीही त्या काळात पेशंटजवळ विडी-सिगारेट ओढू नये.

व्हेप, निकोटिनचं च्युइंगगम आणि पट्टी चालते का?

व्हेप: ई-सिगारेटवर भारतात २०१९ पासून बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी व्हेपमध्ये निकोटिन असतं. 'धूर नाही, वाफ आहे' या युक्तिवादाने रक्तवाहिनी सैल होत नाही.

च्युइंगगम आणि पट्टी: इथे उत्तर सरळ हो किंवा नाही असं नाही. डेन्मार्कच्या त्याच प्रयोगात सिगारेट सोडताना निकोटिनची पट्टी वापरणाऱ्यांना संसर्ग जास्त झाला नाही. म्हणजे ओढत राहण्यापेक्षा पट्टी कितीतरी बरी. पण फेसलिफ्ट, टमी टकसारख्या ऑपरेशनला बरेच सर्जन निकोटिन कुठल्याच रूपात नको म्हणतात. व्यवहारी मार्ग म्हणजे तारखेच्या बऱ्याच आधी सुरुवात करायची, सुरुवातीला पट्टी किंवा गम घ्यायचा आणि तो कधी बंद करायचा ते सर्जनकडून ठरवून घ्यायचं. निकोटिन नसलेल्या गोळ्याही मिळतात, पण त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

खोटं सांगितलं तर कळतं का?

बहुतेक वेळा कळतं. लघवी, रक्त किंवा लाळेतून कोटिनिनची तपासणी होते. गेल्या काही दिवसांत सिगारेट, मावा, मिश्री, गम यापैकी काहीही घेतलं असेल, तर ती पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून गम किंवा पट्टी चालू असेल, तर तपासणीआधीच सांगा.

तपासणी पॉझिटिव्ह आली, तर सर्जन तारीख पुढे ढकलू शकतात. पेशंटला ते अपमानास्पद वाटतं, पण हौसेचं ऑपरेशन महिनाभर पुढे गेल्याने काही बिघडत नाही. घाईने केल्यावर काळी पडलेली कातडी मात्र परत येत नाही. तारीख ठरली आणि मधेच एखाद्या लग्नात मावा खाल्ला गेला, तर फोन करून सांगा.

अनेक घरांत मिश्री सासऱ्यांसमोर किंवा नवऱ्यासमोर काढत नाहीत आणि मुलगा सिगारेट ओढतो हे आईला माहीत नसतं. सोबत नातेवाईक असल्यामुळे बोलता येत नसेल, तर डॉक्टरांना किंवा नर्सला सांगून पाच मिनिटं एकट्याने बोला. तसं मागायचा तुम्हाला हक्क आहे.

डॉक्टरांना काय सांगायचं?

- काय घेता: विडी, सिगारेट, तंबाखू-चुना, मावा, गुटखा, मिश्री, हुक्का, व्हेप, गम, पट्टी. जे असेल ते नावाने सांगा.
- दिवसातून किती वेळा घेता आणि किती वर्षांपासून.
- शेवटचं कधी घेतलं.
- काम तंबाखूशी संबंधित आहे का.
- घरात कोणी ओढतं का.
- तोंड पूर्ण उघडतं का.

सोडायला मदत कुठे मिळेल?

केंद्र सरकारची तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे: १८००-११-२३५६. फोन मोफत आहे आणि मराठीतही समुपदेशन मिळतं. ०११-२२९०१७०१ या नंबरवर मिस्ड कॉल दिला, तर मोबाइलवर सोडण्यासाठी मदत करणारे मेसेज येतात. जवळच्या सरकारी रुग्णालयातही तंबाखू सोडण्याच्या समुपदेशनाची चौकशी करा.

पहिले तीन-चार दिवस सगळ्यात अवघड जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही, पोट साफ होत नाही. तलफ आली की ती साधारण पाच-दहा मिनिटं टिकते. तेवढा वेळ पाणी पिणं, बडीशेप चघळणं, चक्कर मारून येणं उपयोगी पडतं. सुपारी मात्र पर्याय म्हणून घेऊ नका, त्याचं कारण वर आलंच आहे.

ऑपरेशनची तारीख हे सोडण्यासाठी चांगलं निमित्त ठरतं, कारण 'कधीतरी सोडू' ऐवजी कॅलेंडरवर एक ठरलेला दिवस असतो. त्या दिवसापासून मागे चार आठवडे मोजा. तिथे पोहोचायच्या आधीच सर्जनला आपली खरी यादी सांगितलेली असू द्या, मिश्रीसकट.